पंपघर, सात नंबरचं पोर्ट

दादा,

तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. कुडपणच्या पाणवठ्यावर सगळे ऊन चढेपर्यंत ताटकळले. झाडावर चार-पाच कावळे होते, ओरडत होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. मग एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. तुझ्या भावाने सांगितलं, पोरांची शाळा मोडू देणार नाही. मेहुण्याने सांगितलं, पोलादपूरचं दुकान चालू ठेवीन. शेवटी कोणीतरी तुझ्या गाईचंसुद्धा नाव घेतलं, तिला विकणार नाही म्हणून. कावळे हलले नाहीत. आम्ही बायका जरा लांब बांधावर बसलो होतो. माझ्या पुढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा होता. तो शेजारच्याला म्हणाला, "म्हशींचं लागलं त्याला. मुकी जनावरं मेली याच्यापायी. आता कसला कावला शिवतोय?"

मी सहा हातांवर होते. एकच वाक्य म्हणायचं होतं. काका, म्हशी त्याच्यामुळे नाही मेल्या, माझ्यामुळे मेल्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे, यावरून तू मला किती चिडवायचास. त्या दिवशी मात्र मला खात्री होती की मी एवढं बोलले तर कावळा खाली येईल. मी ओढणी नीट केली आणि गप्प बसले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सगळे उठले.

म्हणून आता लिहिते आहे. उशीर झाला आहे, एवढा की याला काही अर्थ राहिलेला नाही. पण लिहायला लावणारा तूच होतास.

तू आमच्या कारखान्यात आलास तो वायरींची भेंडोळी खांद्यावर घेऊन. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा नव्यानेच सगळे विभाग संगणकांनी जोडायचं खूळ आलं होतं, आणि ठेकेदाराने वायरी ओढायला जी माणसं आणली त्यांत तू होतास. नववी पास. मी डिप्लोमा केलेली, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत राहणारी, सायकलवर येणारी, स्वतःला फार हुशार समजणारी. वायरी ओढून संपेपर्यंत कारखान्यात तेरा ठिकाणी स्विच बसले. स्विच म्हणजे एक डबा, त्यात ओळीने पोर्टं, म्हणजे वायर खुपसायची भोकं. कुठल्या पोर्टातली वायर कुठल्या गटात, कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणी नाही, ही सगळी मांडणी त्या डब्याच्या आत लिहिलेली असते. ती मी माझ्या टेबलावरून बदलू शकायचे. साहेबांना सांगताना मी याला 'कॉन्फिगरेशन' म्हणायचे. तू म्हणालास, "म्हंजी गडगं."

मला कळलं नाही. मग तू सांगितलंस. तुमच्याकडे डोंगरावर शेतांना दगडांचे गडगे. गुरं पलीकडे न्यायची तर चार दगड काढून वाट करायची. पण वाट केली की तिथे टहाळा खोचून जायचं, आणि तोही आपल्या घराचा ठरलेल्या झाडाचा. तुमचा ऐनाचा, चुलत्यांचा जांभळीचा. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं, दगड आपोआप पडलेले नाहीत, कोणी मुद्दाम काढलेत, आणि विचारायचं झालं तर कोणाच्या दारात जायचं. "टहाला न ठेवता वाट केली तर गावात त्याच्या घरचं पानी पीत नाय कोन," असं तू म्हणालास, आणि दुसऱ्याच दिवशी महाडच्या बाजारातून लाल पाठीचं लांबट रजिस्टर घेऊन आलास. पट्टीने रकाने आखलेस. तारीख-वेळ. जागा. आधी काय होतं. नंतर काय केलं. का केलं. कोणी केलं. आणि सगळ्यात शेवटी, तपासलं. या शेवटच्या रकान्यात ज्याने बदल केला त्याने सही करायची नाही, दुसऱ्याने करायची. त्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही, हा तुझा कायदा. मी केलं तर तुझं 'शां', तू केलंस तर माझं 'वै'. वायरी ओढायला आलेला माणूस मला कामाची पद्धत घालून देतो याचा मला राग आला होता. तरी मी रोज सही करत होते.

'का' या रकान्यात तू काय काय लिहायचास! अजून हसू येतं, आणि हसू येतं याचा संतापही येतो. "तल्यावर कार्यक्रम, बशी वळवल्या, साहेब उशिरा येनार, तवर त्यांचा संगणक गेटवरच्या खोलीत." "कुलकर्णी म्याडमला खिडकीजवळ बसायचं हाय." "उंदीर." फक्त उंदीर! मी म्हणायचे, दादा, उद्या हे कोणी तपासायला आलं तर आपली लाज जाईल. तू म्हणायचास, "खरं हाय ना? मग ऱ्हाऊ दे."

दीड वर्षाने मी एक प्रोग्राम आणला आणि आपलं भांडण सुरू झालं. रोज दुपारी दीड वाजता, सगळे जेवायला गेलेले असताना, तो तेराही स्विचांची मांडणी स्वतः उतरवून घ्यायचा, कालच्या प्रतीशी ताडून बघायचा आणि जे बदललं असेल ते कागदावर छापायचा. गेलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, आलेल्या ओळीपुढे अधिकचं. काही बदललं नसेल तर कोराच कागद, वर नुसती तारीख. मी मोठ्या थाटात सगळ्यांना दाखवलं. मशीन विसरत नाही, मशीन कंटाळत नाही, मशीन उंदीर लिहीत नाही. तू कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलास.

"झ्याक हाय. काय बदाललं ते दिसतंय. पन का बदाललं?"

"ते कशाला हवंय? चूक असेल तर मागचं परत टाकायचं, झालं."

"आनि चूक हाय का नाय ते कसं ठरवनार गो?"

मी म्हणाले की तुला संगणकातलं काही कळत नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन नंबरच्या प्लॅन्टमध्ये एक पोर्ट बंद सापडलं. प्रोग्रामने सांगितलं जूनमध्ये बंद झालं. का, ते कागदावर नव्हतं. मी उघडून दिलं, काढून ठेवलेली वायरही परत खुपसली, आणि तासाभरात तिथल्या ऑपरेटरला मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या. रजिस्टरात तुझ्या हातचं होतं: "वायरीत पानी जातं, करंट उतरतो, उघडू नये." माझी सही होती त्याच्यापुढे. न वाचता केलेली. तू डब्यातला नाचणीच्या भाकरीचा तुकडा आणि वालाची आमटी माझ्याकडे सरकवलीस. मी तेव्हाही म्हणाले नाही की तुझं बरोबर आहे. आजही आपला तो वाद तसाच अर्धा पडला आहे. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते.

त्या दिवसाचं सांगते.

सकाळी दहा-चाळीसला तू पंपघरात होतास. मागच्या भिंतीकडचं पंपघर, जिथे कारखान्याचं रसायनांचं घाण पाणी आधी टाकीत साठतं. टाकी भरत आली की तिथला तरंगता गोळा वर येतो आणि नेटवर्कवरून कंट्रोल रूममध्ये घंटी वाजते, मग पंप लावतात. त्या गोळ्याची वायर कुजली होती, ती तू बदललीस. येऊन रजिस्टरात लिहिलंस: "वायर बदलली. गोळा हातानं वर करून बघितला. घंटी वाजली. मग निघालो." मी सही केली.

अकराच्या सुमाराला मोठ्या साहेबांचा फोन आला. पाहुणे आले आहेत, मीटिंगच्या खोलीत कनेक्शन नाही, दोन मिनिटांत हवंय. माझ्या पडद्यावर दोन खिडक्या शेजारीशेजारी उघड्या होत्या, एक मीटिंगच्या खोलीच्या स्विचची आणि एक पंपघराच्या. मी सात नंबरचं पोर्ट पाहुण्यांच्या गटात टाकलं. खोलीतून निरोप आला, लागत नाही. मी पुन्हा टाइप केलं, या वेळी लागलं. पहिल्यांदा मी चुकीच्या खिडकीत टाइप केलं होतं हे माझ्या लक्षातही आलं नाही. पंपघराच्या घंटीची वायर नेमकी सात नंबरच्या पोर्टात होती, आणि गट बदलल्यावर ती कंट्रोल रूमशी बोलू शकत नव्हती. आणि मी यातलं काहीच लिहिलं नाही, कारण घाई होती, कारण दुपारी मशीन छापणारच होतं, कारण तू समोर नव्हतास.

दीडला मशीनने छापलं. एका बदलाऐवजी दोन. जेवून आल्यावर मी कागद बघितला. पंपघराचं पोर्ट पुन्हा जागेवर टाकलं तेव्हा दोन वाजायला दहा कमी होते. जेमतेम पावणेतीन तास, काय होणार आहे एवढ्यात, असं स्वतःला समजावलं. तो कागद फाडला. मीटिंगच्या खोलीचं पोर्टही मागच्यासारखं केलं, पाहुणे एव्हाना गेले होते. मग प्रोग्राम परत चालवला. कागद कोरा आला, वर नुसती तारीख. माझ्या आयुष्यातला सगळ्यात खोटा कागद तो, आणि त्यावर एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्या पावणेतीन तासांत टाकी भरून वाहिली, पाणी भिंतीखालून नाल्यात गेलं, आणि नाल्याकाठच्या वाडीतल्या एका घरच्या दोन म्हशी तिथे पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दोन्ही गेल्या. एक गाभण होती. वाडीतली माणसं फाटकावर आली. त्यांतली अर्धी तुमच्या कुडपणच्या सोयरिकीतली होती.

चौकशीच्या आधी तू मला व्हरांड्यात गाठलंस. हळूच विचारलंस, "लिवलंस काय गो?"

हे तू रोज विचारायचास. दिवसातून चारदा विचारायचास. मी म्हणाले, "काय लिहायचं?"

तू माझ्याकडे बघितलंस. "काय नाय," म्हणालास आणि आत गेलास.

आत मोठ्या साहेबांनी दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवल्या. माझा कोरा कागद आणि तुझं लाल रजिस्टर. मॅडमचं मशीन म्हणतं, मांडणीत काहीच बदललेलं नाही. म्हणजे दोष वायरीचा. त्या दिवशी पंपघरात कोण गेलं होतं? शोधायला लागलंच नाही, दादा, तूच लिहून ठेवलं होतंस, वेळेसकट. घंटी वाजली असं तू लिहिलंस, मग घंटी का वाजली नाही? म्हणजे तू न बघता लिहिलंस. खोटं लिहिलंस. साहेबांनी सगळ्यांसमोर हा शब्द वापरला. तुझा चेहरा मी तेव्हा बघितला नाही, टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. तुझा आवाज तेवढा ऐकला. "घंटी वाजली व्हती. मी लिवलंय." बस.

नोकरीत कायम होऊन मला एक महिना झाला होता. बाबा अंथरुणावर होते. बाईमाणूस ठेवलं की असं होतं, हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. ही कारणं आहेत. 'का'च्या रकान्यात ती सगळी मावतात आणि तरी तो भरत नाही.

ठेकेदाराने तुला काढलं. रजिस्टर रद्दीच्या ढिगावर गेलं. कुडपणला तुझ्याआधी म्हशींची बातमी पोहोचली होती. तू पोलादपूरला एसटी स्टँडजवळ मिक्सर आणि मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकलीस, आणि मी महामार्गावरून बसने जाताना प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले. एकदाच उतरले. तू चहा सांगितलास, करवंदं दिलीस पानात बांधून, बाबांची चौकशी केलीस. मग विचारलंस, "आता लिवतेस काय गो?"

"नाही रे. आता सगळं आपोआप होतं."

"बरं हाय," तू म्हणालास. आपलं शेवटचं बोलणं ते. तुला काय विचारायचं होतं हे मला तेव्हाही नीट कळलं होतं.

या वैशाखात तू भर दुपारी घराच्या पडवीत छाती धरून बसलास, आणि जीप घाट उतरून पोलादपूरला पोहोचेपर्यंत संपलास.

दहाव्याला मी निघाले तेव्हा सुभद्रावहिनीने माझ्या हातात पिशवी दिली. "ह्ये तुमचं. ती आली तर दे, म्हनाले व्हते." आत लाल रजिस्टर. तू रद्दीतून उचलून डोंगरावर नेलं होतंस. जीपमध्ये मी शेवटचं पान उघडलं. तुझी दहा-चाळीसची नोंद, माझी सही. आणि तिच्याखाली तुझ्याच अक्षरात आणखी एक ओळ. वेळ: ११.०५. जागा: पंपघर, सात नंबरचं पोर्ट. आधी काय होतं, नंतर काय केलं, दोन्ही बिनचूक. पुढे 'का' रिकामं. 'कोणी' रिकामं. 'तपासलं' रिकामं.

तुला माहीत होतं. चौकशीच्या आधीच तू पंपघरात जाऊन त्या डब्याला आतलं वाचायची निळी वायर लावली असणार. स्विच स्वतःही थोडंफार लक्षात ठेवतो, किती वाजता बदल झाला, कुठल्या टेबलावरून झाला. हे वाचायला तुला मीच शिकवलं होतं. टेबल माझं एकटीचं होतं. म्हणजे व्हरांड्यात तू विचारलंस ते सगळं माहीत असून विचारलंस, आणि आत जाऊन गप्प राहिलास. तीन वर्षं ओळ मोकळी ठेवून बसलास. मला तुझा राग येतो, दादा. अशा चांगुलपणाचा कोणालाही राग येईल. एकदा ओरडायचं होतंस. त्या चहाच्या वेळी माझ्या तोंडावर रजिस्टर फेकायचं होतंस. मी त्या दिवशी रडले असते, लिहिलं असतं, तू सही केली असतीस.

परवा मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. साहेब नवे आहेत. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण शांताराम?" जुने स्विच भंगारात गेले आहेत, ती फाइल बंद झाली आहे, आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे, आणि मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना? मग नाल्याकाठच्या वाडीत गेले. म्हशींची मालकीण म्हातारी झाली आहे. तिने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तो दोनदा येऊन पाया पडून गेला गो. आता तू आलीस. माझ्या म्हशी काय उठनार हायत?"

तू दोनदा तिच्या पाया पडलास. माझ्या वाटणीचं.

आज सकाळी कुडपणला चढून गेले आणि वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबले नाहीत. "मला ठावं हाय," म्हणाली.

"मग तुम्ही तरी का बोलला नाहीत? गावात काय काय म्हणतात त्याला!"

"त्यांनी बोलू दिलं नाय. म्हनायचे, मी लिवलं तर ती चहाडी. तिनं लिवायला पायजे. लिवील ती, कवातरी." मग तिने सूप खाली ठेवलं. "रोज बघायचे रस्त्याकडं, येष्टी आली का. आता सांगून काय करू मी? कुनाला सांगू?"

गावात सांगेन म्हणाले. ती म्हणाली, नको. लोक म्हणतील मेलेल्याचं नाव धुवायला बाय आणलीय कोणी. त्या टॉवेलवाल्या म्हाताऱ्याचं घर वाटेवरच होतं. मी गेले तरीही. दाराला कडी होती, शेजारी म्हणाले, पोराकडे मुंबईला गेलाय, कधी येईल माहीत नाही.

आता तुझ्या पडवीत बसून लिहिते आहे. वहिनीने पेन दिलं, तुझंच आहे, टोपण चावलेलं. ओळ भरली. का: चुकीच्या खिडकीत टाइप केलं. नंतर भीतीने लपवलं. कोणी: वैशाली. अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतं. खरं आहे, म्हणून राहू दिलं.

शेवटच्या रकान्यात स्वतःची सही करायची नाही, दुसऱ्याने करायची. त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. मी रजिस्टर तुझ्या नेहमीच्या बाजूला वळवून ठेवलं, पेन त्यावर आडवं ठेवलं.